मोठं इम्प्लांट काढून लहान घालताना मधल्या रिकाम्या जागेचं काय?

छाती मोठी करण्याचं ऑपरेशन आता कुणाला नवं राहिलेलं नाही. पण केलेलं ऑपरेशन काही वर्षांनी पुन्हा उघडायचं, आतलं इम्प्लांट काढायचं आणि त्याच जागी लहान घालायचं, हे ऐकलं की रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत एकच प्रश्न येतो: "मग आधी एवढं मोठं घातलंच कशाला?" इंग्लंडची गायिका आणि फॅशन डिझायनर व्हिक्टोरिया बेकहॅम हिने इम्प्लांट काढून टाकल्याचं जाहीर सांगितलं तेव्हा त्याची बातमी झाली. आपल्याकडच्या बायका असलं काही बोलत नाहीत. मुंबईत नोकरीला असताना किंवा आखातात नवऱ्याबरोबर राहत असताना ऑपरेशन करून घेतलेलं असतं. पुढे बाळंतपणं होतात, गावी येणं होतं, पाळी जायचं वय जवळ येतं आणि तेव्हा हौसेने निवडलेला आकार अंगाला जड व्हायला लागतो. विचारायचं कुणाला? तालुक्याच्या डॉक्टरांचा या कामाशी सहसा संबंध येत नाही आणि मोबाइलवर शोधलं तर पुढ्यात येतात त्या जाहिराती.

जाहिरातीत हे काम तासा-दोन तासांचं दिसतं. जुनं काढलं, नवं घातलं, झालं. काढण्या-घालण्याचा भाग खरोखरच फार अवघड नसतो. सर्जनचं कसब लागतं ते त्यानंतर जी रिकामी जागा उरते तिचं काय करायचं इथे, आणि त्याबद्दल जाहिरातीत चकार शब्द नसतो.

आत नेमकं असतं काय

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनची पिशवी. आत सिलिकॉनचं जेल असतं किंवा मिठाचं निर्जंतुक पाणी. पहिलं जेलचं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं. आपल्याकडे आज बहुतांश जेलचीच वापरतात. ते एकतर दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या मागे ठेवतात, नाहीतर त्याहून खोल, छातीच्या मोठ्या स्नायूखाली. त्यासाठी सर्जन आत जी पोकळी करतो तिला आपण खिसा म्हणू.

बाहेरची वस्तू आत आली की शरीर तिच्याभोवती स्वतःचं एक पातळ आवरण तयार करतं. याला कॅप्सूल म्हणतात. ती प्रत्येकीच्या शरीरात तयार होते, तो आजार नव्हे. काहींच्या बाबतीत मात्र कॅप्सूल जाड होते, आवळत जाते, स्तन कडक होतो, आकार बिघडतो, दुखतं. सर्जन या आवळण्याच्या चार पायऱ्या धरतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर सहसा काही करावं लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीला ऑपरेशनचा विषय निघतो.

इम्प्लांट, खिसा आणि कॅप्सूल एवढं कळलं तरी पुढचं सगळं समजतं.

हे पैसेवाल्यांचे चोचले नाहीत का?

काही वेळा असतीलही. पण वजनाचा हिशेब करून बघा. जेल जवळपास पाण्याइतकंच जड असतं, म्हणजे ४०० सीसीचं (सीसी म्हणजे मिलिलिटर) एक इम्प्लांट सुमारे ४०० ग्रॅमचं. दोन्ही मिळून पाऊण किलोच्या वर. हे ओझं रात्री उतरवून ठेवता येत नाही. कातडी ताणली जाते, मान आणि खांदे भरून येतात. त्यात बाईचं स्वतःचं वजन वाढलं, बाळंतपणानंतर किंवा पाळी गेल्यावर स्तनाची मूळची चरबी वाढली, की इम्प्लांट तेवढंच राहूनही छाती आणखी मोठी दिसते. पंचविसाव्या वर्षी ठीक बसलेलं माप पंचेचाळिसाव्या वर्षी बसेलच असं नाही.

इम्प्लांट स्नायूखाली असेल तर आणखी एक गोष्ट होते. छातीचा स्नायू जोरात आवळला की इम्प्लांट वर किंवा बाजूला सरकतं आणि ते बाहेरूनही दिसतं. ऑफिसात बसणाऱ्या बाईला हे जाणवणारही नाही. रहाटाला हात घालणारी, पाण्याची कळशी उचलणारी, लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून राहणारी बाई मात्र दिवसातून कितीदा तरी तो स्नायू आवळते. अशा बाईने "लहान करून द्या, शिवाय जागाही बदला" असं म्हटलं तर त्याला चोचले म्हणणं मला पटत नाही.

काही जणींची गोष्ट तर सौंदर्याचीही नसते. स्तनाच्या कॅन्सरनंतर एका बाजूला इम्प्लांट बसवलेलं असतं, पुढे वजन कमी होतं आणि दोन बाजूंचा मेळ बसत नाही. तिथे लहान इम्प्लांट घालणं हा उपचाराचाच पुढचा भाग.

उशी लहान, अभ्रा मोठा

मोठ्या उशीच्या अभ्र्यात लहान उशी घाला. ती आत एका कोपऱ्यात जाऊन बसते, अभ्र्याला सुरकुत्या पडतात, टोकं लोंबतात. अभ्रा नीट दिसायला हवा तर दोनच उपाय: तो आतून शिवून लहान करायचा, किंवा वरचं जास्तीचं कापड कापायचं. छातीच्या बाबतीत अभ्रे दोन आहेत. आतला अभ्रा म्हणजे कॅप्सूल आणि खिसा, बाहेरचा म्हणजे कातडी. मोठ्या इम्प्लांटने वर्षानुवर्षं दोन्ही ताणलेले असतात.

आतल्याचं काम आधी बघू. लहान इम्प्लांट जुन्या मोठ्या खिशात तसंच सोडलं तर ते खाली घसरू शकतं, आडवं झोपल्यावर काखेकडे जाऊ शकतं किंवा फिरू शकतं. म्हणून सर्जन जुन्या कॅप्सूलच्या कडा आतून टाके घालून जवळ आणतो आणि खिसा नव्या मापाचा करतो. कॅप्सूल फार पातळ असेल, टाका धरत नसेल किंवा जागाच चुकीची असेल तर जुना खिसा बंद करून शेजारच्या थरात नवा करावा लागतो, जसं स्नायूखालून काढून ग्रंथीमागे, किंवा उलट. काही वेळा आधाराला जाळीसारखं साहित्य बसवतात. कॅप्सूल कडक किंवा जाड झाली असेल तर ती अर्धी किंवा पूर्ण काढतात. सगळ्यांचीच सगळी कॅप्सूल काढायची गरज नसते. जितकं जास्त कापाल तितका रक्तस्राव जास्त, आणि खोल खिशात कॅप्सूल फासळ्यांना चिकटलेली असते, तिथे हात जपूनच चालवावा लागतो.

बाहेरचा अभ्रा म्हणजे कातडी थोडी लवचिक असते. इम्प्लांट लहान झाल्यावर ती काही महिन्यांत आपोआप थोडीफार आवळते. तरुण वय, चांगली कातडी आणि मापातला फरक थोडा, तर तेवढ्यावर भागूनही जातं. वय, बाळंतपणं, ताणाच्या रेषा, वजनातले चढउतार हे सगळं जमेला असेल तर मात्र कातडी लोंबती राहते. मग जास्तीची कातडी काढून निपल वर घेण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. तिला लिफ्ट म्हणतात. लिफ्ट म्हणजे जास्तीचे व्रण: निपलभोवती गोल, बऱ्याचदा तिथून खाली उभा आणि कधी स्तनाखालच्या घडीत आडवा. ते फिके होतात, जात नाहीत. "व्रण नकोत आणि लोंबायलाही नको" असा हट्ट धरला तर मधला मार्ग फारसा उरत नाही. हे ऑपरेशनआधी स्पष्ट सांगणारा सर्जन कडवट वाटला तरी तोच भला.

"मला बी कप करून द्या"

ब्राचा कप हे शिंप्याचं माप. ब्रँड बदलला की तेही बदलतं. इम्प्लांट सीसीत मोजतात, आणि नुसत्या सीसीवरही निर्णय होत नाही. सर्जन आधी पट्टी घेऊन छातीची रुंदी मोजतो, कातडीची जाडी चिमटीत धरून बघतो. इम्प्लांटला तळाची रुंदी असते आणि पुढे येण्याची उंची असते. तळाची रुंदी तीच ठेवून उंची कमी असलेली इम्प्लांट मिळतात आणि त्यांत सीसी कमी भरतात. असं निवडलं तर छाती पुढे कमी येते, पण खिशाची रुंदी जवळपास भरलेली राहते, म्हणजे आतलं शिवणकाम कमी. उलट, सीसी कमी करताना रुंदीही फार घटवली तर खिसा बराच शिवावा लागतो. मला तरी या सगळ्या विषयातली सर्वांत उपयोगाची माहिती हीच वाटते, आणि सल्ला घ्यायला जाणाऱ्या बायका नेमकी हीच विचारत नाहीत. किती सीसी, एवढंच विचारतात.

आधीच्या इम्प्लांटचे सीसी माहीत नसतील तर सगळा अंदाजच. इम्प्लांटच्या खोक्यात कंपनी, माप आणि सीरियल नंबर छापलेले स्टिकर असतात. एक रुग्णाच्या फाइलला लागतो, एक रुग्णाला कार्डावर मिळायला हवा. दुबई-कुवेतला ऑपरेशन झालेल्यांकडे हा कागद हमखास सापडत नाही. घर बदलताना गेला, नाहीतर कुणाला दिसू नये म्हणून फाडला. तिथल्या दवाखान्याला ईमेल करून ऑपरेशनची नोंद मागवा. ती येईपर्यंत थांबणं परवडतं.

पहिलं ऑपरेशन अलीकडचं असेल तरीही थांबा. सूज उतरून इम्प्लांट आपल्या जागी स्थिरावायला सहा महिने ते वर्ष लागतं. दुसऱ्या महिन्यात "फारच मोठं झालं" म्हणून रडणाऱ्या बाईला आठव्या महिन्यात ते बरं वाटू लागतं, असं होतं.

लिफ्ट त्याच वेळी की नंतर?

हा प्रश्न दिसतो तेवढा बिनधोक नाही. मोठ्या इम्प्लांटच्या दाबाने वरची ग्रंथी आणि चरबी पातळ झालेली असते. निपलला रक्त याच पातळ थरातून येतं. एकाच वेळी खिशात काम करायचं, कॅप्सूल काढायची आणि बाहेरून कातडी कापून निपल हलवायचं, म्हणजे त्या रक्तपुरवठ्यावर दोन्ही बाजूंनी घाव. क्वचित निपलचा काही भाग किंवा पूर्ण निपल मरतं. म्हणून काही सर्जन आधी इम्प्लांटचं काम करतात, तीन ते सहा महिने कातडी किती आवळते ते बघतात आणि मगच लिफ्ट करायची का ते ठरवतात. खर्च आणि भूल दोनदा, पण काही जणींना दुसरी पायरी लागतच नाही. "एकदाच काय ते उरकून टाका" ही आपली सवय इथे महाग पडू शकते.

मग काढूनच का टाकू नये?

काढता येतात, आणि प्रत्येकीने निदान एकदा या पर्यायाचा विचार करावा, कारण लहान इम्प्लांट घेतलं तरी ते इम्प्लांटच. त्याची देखभाल आणि पुढचं संभाव्य ऑपरेशन आलंच. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए सांगते की सौंदर्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या स्त्रियांपैकी २० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना ती ८ ते १० वर्षांत काढावी लागतात. काढल्यावर छाती पहिल्यासारखी होईल असंही नाही. ऊती पातळ झालेल्या, कातडी ताणलेली. लिफ्ट किंवा पोटा-मांडीची चरबी काढून तिथे भरणं, असे उपाय आहेत. भरलेल्या चरबीपैकी काही शरीर शोषून घेतं.

आणखी एक गोष्ट. थकवा, सांधेदुखी, विस्मरण, केस गळणं अशा तक्रारी इम्प्लांटमुळेच होतात असं अनेक स्त्रियांना वाटतं. याची ठरलेली तपासणी नाही, वैद्यकात त्याला अजून नेमक्या आजाराचं रूप नाही, पण इम्प्लांट काढल्यावर बरं वाटल्याचं सांगणाऱ्या बायकाही बऱ्याच आहेत. या कारणासाठी कुणी ऑपरेशनला निघाली असेल तर लहान इम्प्लांट हे उत्तर नव्हे. ४०० सीसी सिलिकॉनचा त्रास होतोय असं वाटत असेल तर २०० सीसी सिलिकॉन घालून काय साधणार? तिथे एकतर पूर्ण काढायचं, नाहीतर आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून दुसरं कारण शोधायचं.

कॅन्सर होतो का? आणि दहा वर्षांनी बदलावेच लागतात का?

स्तनाच्या नेहमीच्या कॅन्सरचा धोका इम्प्लांटमुळे वाढतो असं दिसलेलं नाही. लिम्फोमाचा (रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या एका कॅन्सरचा) एक दुर्मीळ प्रकार मात्र कॅप्सूलमध्ये होतो. एफडीएने त्याकडे २०११ साली लक्ष वेधलं. तो प्रामुख्याने खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आहे, आणि २०१९ साली अ‍ॅलर्गन कंपनीची बायोसेल जातीची खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत बोलावली गेली. ती ज्यांच्या शरीरात आहेत पण काही त्रास नाही अशांनी घाईने काढावीत असं एफडीए म्हणत नाही. वर्षांनंतर अचानक एक बाजू सुजली, आत पाणी झालं, गाठ लागली, तर मात्र ते पाणी तपासल्याशिवाय लहान-मोठ्याचा विषयच काढू नये. तुमचं इम्प्लांट गुळगुळीत की खरखरीत, हेही त्या हरवलेल्या स्टिकरवरूनच कळतं. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरल्याचं २०१० साली उघड झालं होतं. त्या काळातलं जुनं इम्प्लांट असेल तर कंपनीचं नाव शोधणं अधिकच महत्त्वाचं.

दहा वर्षांची मुदत ही ऐकीव गोष्ट. इम्प्लांटवर औषधाच्या बाटलीसारखी तारीख नसते, पण ते जन्मभराचंही नसतं. जेलचं इम्प्लांट आतल्या आत फाटलं तर बाहेरून काही कळत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी पहिली आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी असं एफडीए सुचवते. आकारासाठी पुन्हा ऑपरेशन करायचंच असेल तर त्याआधी ही तपासणी होऊन जाऊ द्या. आत फाटलेलं असेल तर सर्जनला तयारी वेगळी करावी लागते.

मिश्रीबद्दल कुणी विचारत नाही

भूल देण्याआधी डॉक्टर विचारतात, "सिगारेट ओढता?" बाई नाही म्हणते आणि ते खरंही असतं. मिश्रीचं कुणी विचारत नाही आणि ती आपण होऊन सांगत नाही. हिरड्यांना लावलेल्या भाजक्या तंबाखूतूनही निकोटीन रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आकुंचतात आणि निपलचा जो रक्तपुरवठा आधीच नाजूक आहे तो आणखी घटतो. जखम उशिरा भरते, टाके उसवतात. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे मिश्री, तंबाखू, गुटखा सगळं बंद. सासूसमोर सांगायला लाज वाटत असेल तर डॉक्टरांना एकटीने भेटायला मागा. अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी आणि वैद्याकडचं औषध चालू असेल तर तेही सांगा.

मुंबईला जाऊन यायचं तर

प्लास्टिक सर्जन आणि चांगलं भूलतज्ज्ञ पथक यांसाठी रत्नागिरीच्या बायका मुंबई किंवा कोल्हापूरला जातात, सिंधुदुर्गातल्या बायका गोव्याला. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, कामाच्या पसाऱ्यानुसार दोन ते चार तास चालतं, एखादी रात्र दवाखान्यात. आत रक्त साठण्याचा धोका बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांत असतो. एक बाजू अचानक फुगली, टणक झाली, असह्य दुखू लागली तर काही तासांत पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं. तेव्हा तुम्ही कशेडी घाटात असून उपयोग नाही. निदान पहिली तपासणी होऊन, आत साठणारं रक्त-पाणी बाहेर यायला ठेवलेल्या नळ्या निघेपर्यंत, साधारण आठवडाभर, दादर-ठाण्याला नातेवाइकांकडे राहा. परतताना महामार्गाच्या खड्ड्यांपेक्षा रेल्वे बरी, खालचा बर्थ मिळणार असेल तर. हाताने जोर लावून वरच्या बर्थवर चढणं त्या दिवसांत वर्ज्य.

बसून करायचं काम एक-दोन आठवड्यांत जमतं. कळशी, धुण्याची बादली, मूल कडेवर घेणं, विहिरीवर पाणी शेंदणं या गोष्टी चार ते सहा आठवडे नाहीत. म्हणून तारीख ठरवताना पंचांगापेक्षा घरचं वेळापत्रक बघा. आंबा-काजूचा हंगाम, लावणी, गणपती हे टाळा. त्या दिवसांत घरात पाहुणे असताना "मी वजन उचलणार नाही" म्हणणारी सून अजून मला दिसायची आहे. आधाराची घट्ट ब्रा रात्रंदिवस घालायची असते. दमट हवेत तिच्याखाली घाम साचून कातडी लाल होते, तेव्हा निदान तीन ब्रा हव्यात, आणि पावसाळ्यात त्या वाळत नाहीत हेही धरून चाला.

आणखी मूल हवं असेल तर आकाराचं ऑपरेशन शक्यतो त्यानंतर. गरोदरपणात आणि दूध पाजताना छातीचा आकार बदलतो आणि केलेलं शिवणकाम ताणलं जातं. निपलभोवतीच्या छेदाने दूध येण्यावरही परिणाम होऊ शकतो.

पैसे आणि कागद

निव्वळ आकार बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीय गरजेचे उपचार यांना अपवाद आहे. त्यामुळे आवळलेली कॅप्सूल किंवा फाटलेलं इम्प्लांट असेल तर डॉक्टरांकडून तसं लेखी घेऊन विमा कंपनीला आधीच विचारा. इम्प्लांट कंपनीची हमी असते ती सहसा फाटण्यापुरती. माप आवडलं नाही म्हणून कुणी बदलून देत नाही. खर्चाचा आकडा घेताना त्यात जीएसटी, भूल, दवाखान्याचा दर, जुनी कॅप्सूल काढण्याचं काम आणि लिफ्ट धरली आहे का, हे वेगवेगळं लिहून मागा. पहिल्या ऑपरेशनपेक्षा दुसरं महाग निघालं तर लगेच लूट समजू नका, थिएटरमधला वेळ खरंच जास्त जातो.

सर्जनच्या पाटीवर "कॉस्मेटिक" लिहिलेलं पुरत नाही. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का ते बघा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा, आणि पहिल्या नव्हे, दुसऱ्या ऑपरेशनचे, लहान केलेल्या रुग्णांचे फोटो दाखवायला सांगा. काढलेल्या इम्प्लांटचा फोटो आणि कॅप्सूल तपासणीला पाठवली असेल तर तिचा रिपोर्ट मागून घ्या. नव्या इम्प्लांटचा स्टिकर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद रेशन कार्डाबरोबर. पुढे मॅमोग्राफीला जाल तेव्हा मशीनवर उभं राहण्याआधी तंत्रज्ञाला इम्प्लांट असल्याचं सांगा. इम्प्लांट मागे सारून जास्तीचे फोटो घ्यावे लागतात, नाहीतर इम्प्लांटच्या आड झाकलेली गाठ सुटू शकते.